पाटीवालीचं नाक

दिवाकर धोटे यांनी नुसतं ऐकून कधी शिक्का मारला नाही. असं ते स्वतः सांगत, आणि कॉलनीत ते सगळ्यांना मान्य होतं.

संरक्षण खात्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं ते तपासनीस होते. तयार पुर्जा हातात घ्यायचा, मापायचा, बरोबर असेल तर त्यावर आपला नंबर ठोकायचा. त्यांचा नंबर एकेचाळीस. पुढे कुठे पुर्जा फसलाच, तर नंबर बघून माणूस सापडे. चौतीस वर्षांत एकेचाळीस नंबरचा एकही पुर्जा परत आला नाही.

निवृत्तीला आता चौदा वर्षं झाली होती. नंबरचा ठसा सरकारजमा झाला. सवय घरी आली. भाजीवाला म्हणाला, ताजी आहे, की हे विचारत, "तू तोडली का?" शेजारी म्हणाले, गाडी दोन तास लेट आहे, की हे विचारत, "तुम्ही स्टेशनवरून आले, का ऐकलं?"

"यांना पाऊस पडून राहिला म्हटलं, तर हात बाहेर काढून पाहतात," शरयूताई म्हणत.

दिवाकरराव तेवढ्यात खिडकीबाहेर हात काढून पाहत.

शरयूताई म्हणजे त्यांची बायको. वय सत्तर. जन्म जबलपूरचा, माहेर याच कॉलनीतलं, सासरही याच कॉलनीतलं. त्यांचे वडील रामराव हिंगवे वर्ध्याकडून आलेले, त्याच कारखान्यात पॅटर्न मेकर. जो पुर्जा लोखंडात ओतायचा, त्याचा आधी लाकडी नमुना करायचा, हे त्यांचं काम. नमुना ओल्या वाळूत दाबला की साचा उमटतो, आणि साच्यात लोखंड ओततात. रामरावांचा हात असा, की फोरमन त्यांच्या नमुन्यावरून बोट फिरवायचे आणि काही न बोलता निघून जायचे.

कॉलनीच्या तिठ्यावर एक मूर्ती आहे. सिमेंटची मुलगी, सात-आठ वर्षांची, मांडी घालून बसलेली. मांडीवर पाटी. पाटी कोरी. वर्षानुवर्षांच्या चुन्याने तिच्या वेणीचे पेड बुजत आले आहेत. सगळे तिला पाटीवाली म्हणतात. रिक्षावालेही विचारतात, पाटीवाली के इधर या उधर?

ही पाटीवाली रामरावांनी घडवली, आणि समोर आपल्या लेकीला बसवून घडवली, हे कॉलनीतल्या मराठी घरांत सगळ्यांना ठाऊक होतं. नवी सून आली की तिला आधी पाटीवाली दाखवत आणि मग शरयूताई दाखवत. शरयूताई तिच्यासमोरून जाताना पदर सारखा करीत. आरशासमोर करावा तसा.

*

ऑगस्टच्या बावीस तारखेला सकाळी नगर निगममधून गीतांजली नावाची इंजिनिअर आली. तिशीची असेल. आजी अमरावतीची, त्यामुळे मराठी पुरती समजे, बोलताना मात्र मध्येच हिंदीत घसरे. शहरातल्या जुन्या मूर्तींजवळ दगडी फलक लागणार होते. पाटीवालीचाही लागणार होता. मूर्तिकाराचं नाव हवं होतं.

"रामराव हिंगवे," शरयूताई म्हणाल्या. "लिहा. मी स्पेलिंग सांगते."

"काकू, लिहिते. पण नियम आहे. पत्थरवर एकदा नाव गेलं की मिटवता नहीं येत ना. म्हणून दोन सोर्स पाहिजेत. और एकाने दुसऱ्याचं उतरवलेलं नको."

दिवाकररावांनी पेपर खाली ठेवला. चौदा वर्षांत कुणी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोललं नव्हतं.

"दोन काहून?" ते म्हणाले. "तीन देतो."

तीन होतेच. २००९ सालचं हिंदी वर्तमानपत्रातलं कात्रण. २००३ साली गौतम मास्तरांनी काढलेली शहराच्या इतिहासाची पुस्तिका. आणि कॉलनीच्या मराठी मंडळाची १९८८ची स्मरणिका. गीतांजलीने तिन्ही नावं टिपून घेतली. पंधरा सप्टेंबरपर्यंत मजकूर पक्का करायचा होता.

शरयूताईंनी पोहे आणले. त्या खुशीत होत्या. वडिलांचं नाव दगडावर कोरलं जाणार होतं, तेही सरकारी दगडावर.

"फार जीव होता बाबांचा माझ्यावर," त्या सांगू लागल्या. "ते कॅलिपर असते ना, दोन पायांचं, माप घ्यायचं? ते माझ्या नाकाला लावायचे. गार लागायचं. मी हसली की म्हणायचे, हलू नको, माप चुकते. खेळ होता आमचा."

गीतांजली लिहीत होती.

"हे काहून लिहून राहिली, बाई?"

"आदत आहे, काकू. जे ऐकते ते लिहिते. तारीख, टाइम, सगळं."

दिवाकररावांना ती मुलगी फारच आवडली. शरयूताईंचं बोलणं मात्र त्यांनी मनावर घेतलं नाही. बायकोच्या लहानपणच्या गमती पुराव्यात धरायला ते काही कालचे तपासनीस नव्हते.

तीन कागद देऊन मोकळं होता आलं असतं. पण पुर्जा हातात आला आणि मापला नाही, असं त्यांच्याकडून होईना. पुर्जा तपासायला दोन गेज असतात. एक पुर्ज्यात गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. दिवाकररावांनी जुन्या डायरीत दोन रकाने आखले. एकावर लिहिलं, स्वतः पाहिलं. दुसऱ्यावर लिहिलं, दुसऱ्याचं घेतलं. पहिल्यात होय यायला हवं, दुसऱ्यात नाही.

आणि ते कमानिया गेटला गेले.

*

वर्तमानपत्रात ते लिहिणारा विनय आता बातमीदार राहिला नव्हता. गेटजवळ त्याचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं. गणपतीच्या आकाराच्या, मोराच्या आकाराच्या, उघडताच सनई वाजणाऱ्या पत्रिका टांगल्या होत्या. त्यांखालून वाकून दिवाकरराव आत गेले.

"अरे दादा, या या. नातवाचं जमलं का?"

"नातू सहावीत आहे. विनय, पाटीवालीवर तू लिहिलं होतं. रामरावांनी केली, हे तुला कोणी सांगितलं?"

विनय आठवू लागला. मग आठवायचं सोडून हसला. "दादा, खरं सांगू? संपादक म्हणाले, संडेला शहरावर काहीतरी दे. मास्तरांची पुस्तिका होती टेबलावर. त्यातून उचललं."

"मूर्ती पाहिली होती?"

"रोज पाहायचो ना, जाता-येता."

"मापली होती?"

"मापणार काहून? मूर्ती आहे, सोफा थोडी आहे."

"तू लिहिलं आहे, उंची एकशे सात सेंटिमीटर."

"तेही मास्तरांचंच," विनय म्हणाला. "चाय घ्या."

चहा घेऊन दिवाकरराव बाहेर आले. विनयच्या नावापुढे दुसऱ्या रकान्यात त्यांनी होय लिहिलं. एक पुर्जा बाद. अजून दोन होते, आणि दोनच लागत होते.

दुसऱ्या दिवशी ते बसने जबलपूरजवळच्या पाटणला गेले. गौतम मास्तर एक्याऐंशीचे. नोकरी सरली, आणि ते मुलाकडे पाटणला, मंडीच्या मागच्या गल्लीत राहायला गेले होते. खुर्ची ओसरीत, पाय स्टुलावर. दिवाकररावांना पाहून फार आनंदले. अर्धा तास स्वतःच्या गुडघ्यांवर बोलले. मग मूर्तीवर आले.

"माझ्याकडे लेखी पुरावा आहे, दिवाकर. ऐकीव गोष्ट मी पुस्तिकेत घेतलेली नाही."

"कोणता पुरावा, सर?"

"तुमच्याच मंडळाची स्मरणिका. अठ्ठ्याऐंशी. पान बत्तीस."

"ते कोणी लिहिलं होतं, विचारलं होतं तुम्ही?"

"छापलेल्याला काय विचारायचं?" मास्तर म्हणाले. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

"उंची एकशे सात. ती तुम्ही मापली?"

"छे. तिथलीच. मी इतिहास शिकवायचो, दिवाकर, टेप घेऊन हिंडत नव्हतो."

परतीच्या बसमध्ये दिवाकररावांना खिडकीची जागा मिळाली. बाहेर भात हिरवागार होता. ते त्याच्याकडे पाहत होते, पण दिसत होता तो आकडा. एकशे सात. कात्रणात एकशे सात, पुस्तिकेत एकशे सात. गेली वीस वर्षं त्यांना या जुळण्याचं कौतुक होतं. किती पक्कं आहे बघा, सगळीकडे एकच आकडा. आणि कारखान्यात नव्या पोरांना ते स्वतः काय शिकवायचे? तीन माणसं एकच वस्तू मापतात तेव्हा तीन आकडे येतात, केसभर इकडे-तिकडे. तिघांचा हुबेहूब एक आला की समजायचं, मापलं एकाने आणि उतरवलं दोघांनी.

*

स्मरणिका शरयूताईंच्या कपाटात होती. लग्नातल्या शालूखाली, मलमलीच्या फडक्यात.

"हात धुवून घ्या," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

पान बत्तीस अर्धंच होतं. वर मंडळाच्या क्रीडास्पर्धांचा अहवाल, खाली चौकटीत हा मजकूर. शेवटी सही, एक सभासद.

'आपल्या कॉलनीच्या तिठ्यावरील पाटीवाली मुलगी आपण रोज पाहतो. ही मूर्ती कारखान्याचे कुशल पॅटर्न मेकर कै. रामराव हिंगवे यांनी घडवली. तिच्या चेहऱ्यात त्यांच्या कन्येचा चेहरा दिसतो. रामरावांनी याचा कधी गाजावाजा केला नाही. मूर्तीची उंची १०७ सें.मी. (पाया सोडून).'

दिवाकररावांनी ते एकदा वाचलं. मग शेवटचे दोन शब्द पुन्हा वाचले.

पाया सोडून.

१९८८ साली त्या मंडळात दीडशे माणसं होती. त्यांत कवी होते, कीर्तनकार होते, दोन नाटककार होते. पण मूर्तीची उंची देताना ती पाया धरून की सोडून, हे लिहिणारा माणूस दीडशेत एकच होता.

आणि मग हळूहळू आठवलं. त्या वर्षी स्मरणिका छापून घ्यायचं काम त्यांच्याकडे होतं. बडा फुहारा चौकाजवळ प्रेस होती. पानं जुळवताना जागा उरायच्या, आणि प्रेसवाला म्हणायचा, भैया, यहाँ कुछ दे दो. तिथेच स्टुलावर बसून त्यांनी अकरा मजकूर लिहिले. लोणच्याला बुरशी न येण्याचा उपाय, रक्तदानाचं आवाहन, असं काहीबाही. सगळ्यांखाली एक सभासद. त्यांतलाच हा एक.

रामराव जाऊन दोन वर्षं झाली होती. शरयू धड जेवत नव्हती. बापाचं नाव निघालं की भिंतीकडे बघत बसायची.

आणि रामरावांना मूर्तीजवळ पाहिलं तर त्यांनी होतं. नवा जावई असताना दरवर्षी पाहिलं होतं. विश्वकर्मापूजेच्या दिवशी, सतरा सप्टेंबरला, कारखान्यात हत्यारांची पूजा होई. पूजा झालेल्या हत्यारांनी पहिलं काम पगाराचं करायचं नाही, अशी रामरावांची रीत होती. ते पेटी उचलून तडक तिठ्यावर येत आणि पाटीवालीचं काहीतरी करीत. खरवडणं, लिंपणं, चुना देणं. इतकी माया माणूस दुसऱ्याने केलेल्या वस्तूवर करील, असं दिवाकररावांच्या मनातच आलं नाही. घडवली असणार. विचारलं कधी नाही.

अर्ध्या पानासाठी मात्र त्यांनी टेप नेऊन उंची मापली होती. पाया सोडून. जे मापायचं ते सोडून.

स्मरणिका हातात पडली तेव्हा शरयू रडली, आणि त्या दिवशी दोन पोळ्या जेवली. मीच लिहिलंय, हे त्यांना त्याच दिवशी सांगायचं होतं. मग थोरल्याला गोवर निघाला. राहून गेलं. मग तेच मास्तरांच्या पुस्तिकेत आलं, पेपरात आलं, आणि चार ठिकाणी वाचल्यावर ते आपल्याच हातून निघालं होतं हे दिवाकरराव साफ विसरले.

एकेचाळीस नंबरचा पुर्जा छत्तीस वर्षांनी परत आला होता.

*

दोन दिवस त्यांनी काही सांगितलं नाही.

"काय झालं?" तिसऱ्या दिवशी ताट वाढताना शरयूताई म्हणाल्या. "काल वरणात मीठ नव्हतं. तुम्ही बोलले नाही. आज मी मुद्दाम नाही घातलं. तरी गप्प."

दिवाकररावांनी घास खाली ठेवला आणि सांगितलं. विनय, पाटण, एकशे सात, पाया सोडून. क्रमाने, काही न वगळता.

शरयूताई ऐकत राहिल्या. वाढायचा डाव हातातच होता.

"म्हणजे ते तुम्ही लिहिलं."

"हो."

"बाबांनी केली, हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं."

"नाही."

"आणि चेहरा?"

"तेही मीच."

"काहून?"

"तू जेवत नव्हती," दिवाकरराव म्हणाले. "आणि अर्धं पान रिकामं होतं."

शरयूताईंनी डाव पातेल्यात ठेवला.

"छत्तीस वर्षं मी त्या पोरीसमोर पदर नीट करून जाऊन राहिली. शेजारच्या बेबीच्या सुनेला मी स्वतः सांगितलं, ही मी. तुम्ही बाजूला उभे होते."

"हो."

"भाजीवाल्याला विचारता, तू तोडली का." एवढं बोलून त्या आत गेल्या.

त्या दिवशी घरात भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा कमी झाला. दिवाकररावांना जास्त झाला असता तर बरं वाटलं असतं. गीतांजलीला फोन करायला त्यांनी दोनदा मोबाइल घेतला, दोनदा ठेवला. नाव काढून टाका, एवढंच सांगायचं होतं. सांगवेना.

सकाळी ते दाढी करत असताना शरयूताई दारात येऊन उभ्या राहिल्या. केस विंचरलेले, चष्मा लावलेला. भांडायची पूर्ण तयारी.

"एक सांगा. तेव्हा न मापता लिहिलं, बाबांनी केली. आता न मापता म्हणून राहिले, बाबांनी नाही केली. हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

दिवाकररावांच्या गालावर फेस तसाच राहिला.

चौतीस वर्षांत त्यांचं काम असं कुणी पकडलं नव्हतं. पुर्ज्यावरचा शिक्का खोटा निघाला म्हणजे पुर्जा खोटाच, असं थोडंच आहे. पुर्जा कुणी मापलाच नव्हता, एवढंच. ही साधी गोष्ट त्यांना सुचली नव्हती. तिला सुचली होती.

"बाबांची पेटी काढा," शरयूताई म्हणाल्या.

*

पेटी पलंगाखाली होती. दिवाकरराव दरवर्षी विश्वकर्मापूजेला ती उघडत, हत्यारांना तेल लावत आणि बंद करत. हत्यारांखाली मेणकापड होतं. त्याच्याखाली काय आहे हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. सासऱ्यांची पेटी होती, उगाच उकरायची कशाला.

मेणकापडाखाली पुठ्ठ्याची वही निघाली. तेलाने पानं पारदर्शक झालेली. शरयूताईंनी ती मांडीवर घेतली आणि मोठ्याने वाचू लागल्या.

"सतरा सप्टेंबर एकसष्ट. पाटीवाली. नाक फुटलं. पोरं जांभळाला दगड मारतात, ते हिला लागतात. सिमेंटचा गोळा बसवला. बरा दिसत नाही."

पान उलटलं.

"सतरा सप्टेंबर बासष्ट. पुन्हा नाक. जुन्या कारागिराचं काम फार नाजूक. माझा हात लाकडाचा, मला..." त्या थांबल्या. मग पुढे वाचलं. "मला तसं जमत नाही. तो कोण, हे चार जणांना विचारलं. कोणाला माहीत नाही."

शरयूताईंनी वही मांडीवर टेकवली.

"म्हणजे बाबांनी नाही," शरयूताई म्हणाल्या.

"नाही."

"बाबांनी विचारलं पण होतं. तुमच्यापेक्षा बरे."

"हो."

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला, आणि राहिलेली ओळ वाचायला वही जवळ घेतली. या वेळी आवाज मोठा नव्हता.

"शरयूला समोर बसवून तिचं नाक मापलं. दीड इंच. नमुना केला. आता दरवर्षी फुटू दे."

दिवाकरराव उठले. पेटीच्या कोपऱ्यात एक फडक्याची पुरचुंडी होती. ती ते दरवर्षी पाहत. आत सागवानी लाकडाचा बोटभर तुकडा होता, एका बाजूला फुगीर. कुठल्याशा यंत्राच्या कॅमचा नमुना असावा, असं धरून त्यालाही ते तेल लावत आले होते. आता त्यांनी तो उजेडात धरला.

ते नाक होतं.

शरयूताईंनी ते हातात घेतलं. आधी नुसतं पाहिलं. मग स्वतःच्या नाकाजवळ नेलं.

"हे तर छोटं आहे."

"तू आठ वर्षांची होती. वयानं नाक वाढते."

"कोणी सांगितलं? मापलं?"

दिवाकररावांनी व्हर्नियर आणलं. लाकडी नाकाला लावलं, चष्मा कपाळावर सारून रेघा वाचल्या. साडेअडतीस मिलिमीटर. दीड इंच म्हणजे अडतीस पूर्णांक एक. चार दशांश जास्त होतं. त्यांनी पुन्हा मापलं. तेवढंच. मग ते हसले. चार दिवसांत पहिल्यांदा.

"काय झालं?"

"लोखंड थंड होताना आकसते. म्हणून पॅटर्न मेकर नमुना शंभराला एक भाग मोठा ठेवतो. सिमेंटला त्याची काही गरज नाही. पण बाबांचा हात..." त्यांनी ते नाक पुन्हा न्याहाळलं. "तुझ्या नाकालाही त्यांनी लोखंडाची सूट देऊन ठेवली आहे."

शरयूताईंनी नाक मुठीत धरलं आणि खूप वेळ दिलं नाही.

*

गीतांजली दुपारी आली. दिवाकररावांनी आधी आपली चूक सांगितली, मग वही दाखवली. मूर्तिकार अज्ञात. नाक रामराव हिंगवे यांचं. दुरुस्तीची शेवटची नोंद १९८४ची. पुढे रस्ता रुंद करताना जांभूळ तुटलं, आणि नाक टिकलं.

"पण सोर्स एकच आहे," ते स्वतःच म्हणाले. "वही त्यांची, लाकूडही त्यांचंच. मी एकच धरतो."

"मला आठवते ना," शरयूताई म्हणाल्या. "माझं नाक मापायचे."

"आता वही वाचल्यावर आठवते. ते चालत नाही, शरयू."

शरयूताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की आज मीठच काय, वरणही मिळणार नाही.

गीतांजली मात्र आपली डायरी मागे उलटत होती. एका पानावर थांबली. "काका, बाईस अगस्त. ग्यारह बीस. काकू सांगतात, बाबा कॅलिपर नाकाला लावायचे. गार लागायचं. हलू नको, माप चुकते." तिने वर पाहिलं. "तब तो वही सापडली नव्हती."

दिवाकररावांनी डायरी मागून घेतली. तारीख पाहिली, वेळ पाहिली, शाई पाहिली. जो पुर्जा त्यांनी हातात न घेताच बाजूला सारला होता, तोच खरा निघाला होता. त्यांनी डायरी परत दिली.

"झाले दोन," ते म्हणाले.

तरी मूर्तीवरचं नाक मापायचं राहिलं होतं. तिघं तिठ्यावर गेली. दिवाकरराव चौऱ्याहत्तराव्या वर्षी पाटीवालीच्या चौथऱ्यावर चढले. शरयूताईंनी मागून त्यांचा शर्ट धरला. चुन्याचे पापुद्रे खरवडून त्यांनी व्हर्नियर लावलं. एक रिक्षा थांबली.

"क्या नाप रहे हो, बाबूजी?"

"नाक."

"किसकी?"

दिवाकरराव काही बोलायच्या आत शरयूताई म्हणाल्या, "मेरी."

रिक्षावाल्याने एकदा मूर्तीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि मान डोलावून निघून गेला. साडेअडतीसच होतं, वर चुन्याचा केसभर थर.

"काका, उंची एकशे सात लिहू?" गीतांजलीने विचारलं.

"माझं ऐकून?"

तिने पर्समधून टेप काढला. पाया सोडून, डोक्यापर्यंत, दोनदा मापलं. "एकशे साडेसात."

दिवाकररावांचा चेहरा खुलला. आकडा जुळला नव्हता. म्हणजे पोरीने खरंच मापलं होतं.

संध्याकाळी त्यांनी तीन पत्रं लिहिली, विनयला, मास्तरांना आणि मंडळाला. मजकूर एकच. १९८८च्या स्मरणिकेतलं पान बत्तीस चुकीचं आहे, ते मी लिहिलं होतं, खरं असं आहे. खाली पूर्ण सही केली, आणि सहीखाली कंसात ४१. विनयने फोन करून सांगितलं की पेपर त्याच्या हातात नाही, पण पुढच्या मराठी पत्रिकेच्या मागे म्हणाल तर छापतो. मास्तरांचं पोस्टकार्ड आलं. त्यात एवढंच होतं: 'मी ते निवृत्त होईस्तोवर दरवर्षी सातवीला शिकवलं. आता ती पोरं कुठे शोधू?'

दगड सतरा सप्टेंबरला बसला. मूर्तिकार अज्ञात. त्याखाली, नाक: रामराव हिंगवे, पॅटर्न मेकर, १९६२ ते १९८४. दगड बसवणारे गेले तेव्हा दिवाकररावांनी रामरावांची पेटी उघडली. सकाळी तिची पूजा झाली होती. पटाशी काढून, चौथऱ्यावर चढून ते पाटीवालीच्या वेणीवरचा चुना खरवडू लागले. एकेक पेड दिसू लागला.

शरयूताईंनी वडिलांच्या नावावरून बोट फिरवलं. एकदा, सावकाश, फोरमन फिरवायचे तसं. काही बोलल्या नाहीत. मग पाटीवालीकडे पाहून पदर सारखा केला.

"आता काहून?" दिवाकररावांनी वरून विचारलं.

"नाकापुरता," त्या म्हणाल्या. "तुम्ही खाली पाहा. पडाल."